न वापरलेल्या स्कींची झीज

सेव्हरिन एगार्टनर माणसाच्या तोंडाकडे बघण्याआधी पायांकडे बघायचा. गिऱ्हाईक दारात बूट आपटून बर्फ झटकत असायचं तोवर याचं मनातल्या मनात माप घेऊन झालेलं असायचं. कुणी ठासून म्हणालं, "माझा नंबर त्रेचाळीस," तरी हा नुसती मान डोलवायचा, मागे जायचा आणि एकेचाळीसचा बूट घेऊन यायचा. बूट चपखल बसायचा, आणि गिऱ्हाईक आपल्याच पायाकडे परक्यासारखं बघत राहायचं.

हिंटरमोसला लिफ्टच्या खालच्या स्टेशनाला लागून भाड्यानं स्की देणारं दुकान आहे, तिथे त्यानं एकतीस हिवाळे काढले होते. बाप डेअरीची दुधाची गाडी चालवायचा. गोठा थोरल्या भावाकडे गेला आणि सेव्हरिन ऐन पंचविशीत दुकानात आला, तो तिथलाच होऊन गेला. जुना मालक वारला, त्याची मुलगी रेगिना गल्ल्यावर बसली, पण तळघर सेव्हरिनचंच राहिलं. रोज संध्याकाळी परत आलेल्या स्की तो कामाच्या टेबलावर उलट्या घालायचा आणि तळावरून हात फिरवायचा. कोण सरळ उतरलं, कोण घाबरून तिरपं घसरत आलं, कुणी आडवाटेला जाऊन दगड खाल्ला, सगळं त्याच्या बोटांना कळायचं. मग कडा घासायच्या, मेण लावायचं, जोड पुन्हा फळीवर. असे चारशे जोड होते, आणि प्रत्येकाची कुंडली त्याला पाठ होती.

बायकोचं नाव वाल्बुर्गा. सगळा गाव तिला बुर्गी म्हणायचा. ती डोंगरापलीकडच्या खोऱ्यातली. गावातल्या एका गेस्ट हाऊसमध्ये सकाळचा नाश्ता आणि खोल्या ती बघायची. मुलं झाली नाहीत. त्याचं दोघांनी वाईट वाटून घेतलं, आणि मग हळूहळू वाटून घेणं सोडून दिलं. एक गोष्ट मात्र गावाला नवलाची वाटे, ती म्हणजे बुर्गी स्की करत नसे. ज्या गावात पोरं चालायच्या आधी घसरायला शिकतात तिथे ही बाई हिवाळाभर पायीच हिंडायची. लग्नाच्या पहिल्या वर्षी सेव्हरिननं तिला दोनदा उतारावर नेलं होतं. दोन्ही वेळा ती इतकी पडली, इतकी हसली, की शेवटी म्हणाली, "माझे गुडघे काचेचे आहेत रे. तू जा, मी सूप करून ठेवते." तो जायचा. ती सूप करून ठेवायची. एखाद्याला अळंबी आवडत नाहीत, तसं हिला स्की आवडत नाही, असं म्हणून त्यानं ते कधीच सोडून दिलं होतं.

तर त्या फेब्रुवारीतल्या एका शनिवारी दोन डॅनिश बायका दुकानात आल्या. एक बोडिल, शाळेत गणित शिकवणारी, उंच, ताठ, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारी. दुसरी तिची भावजय इंगर. इंगर बुटकी, गोल चेहऱ्याची, आणि आपल्याला इथे का आणलंय ते न कळलेली. बोडिल पंचवीस वर्षं हिवाळ्यात येत होती. इंगरची ही पहिलीच खेप.

सेव्हरिननं फॉर्म भरायला घेतला. वय एकोणसाठ, वजन चौसष्ट. मग तीन चौकोन होते, शिकाऊ, मध्यम आणि तरबेज.

"शून्याचा चौकोन नाही का?" इंगरनं विचारलं.

"शिकाऊवर खूण करा," बोडिल म्हणाली. "दोन दिवसांत मध्यमवर आणते तिला."

"मला काय विचारायचं, नाही का," इंगर सेव्हरिनला म्हणाली. "मी नुसती वजनाला आलेय."

सेव्हरिन हसला. त्यानं तिला निळ्या रंगाचा आखूड जोड काढून दिला. आदल्याच दिवशी त्यानं त्याचा तळ गुळगुळीत केला होता. बुटाला स्कीशी धरून ठेवणारी जी लोखंडी पकड असते, तिचा स्क्रू त्यानं फॉर्मवरचं वय-वजन बघून चारच्या आकड्यावर आणला. शिकाऊ माणूस पडला की पकड लगेच सुटली पाहिजे, नाहीतर पाय मोडतो. दोन्ही बायकांनी रविवार ते शुक्रवार अशा सहा दिवसांचे पैसे आगाऊ भरले आणि त्या गेल्या.

बुधवारी दुपारी चार वाजता बोडिल एकटीच परत आली. खांद्यावर इंगरच्या स्की, हातात इंगरचे बूट. तिनं सगळं काउंटरवर नीट मांडलं आणि वर डॉक्टरची चिठ्ठी ठेवली.

"माझी भावजय शनिवारी रात्रीच आजारी पडली. कानातलं काहीतरी झालंय, उभं राहिलं की खोली फिरते म्हणते. चार दिवस बिछान्यात आहे. स्की खोलीबाहेर निघालेल्याच नाहीत. तुमच्या पाटीवर लिहिलंय, न वापरलेल्या सामानाचे पैसे डॉक्टरची चिठ्ठी दाखवल्यास परत. ही चिठ्ठी."

"बरोबर आहे," सेव्हरिन म्हणाला. "बरं वाटतंय का आता त्यांना?"

"आज सूप प्यायली."

त्यानं सवयीनं एक स्की उलटी केली, तळावरून हात फिरवला, आणि हात थांबला. मेण उडालं होतं. उजव्या कडेला बारीक खरवडा होता, वरच्या पठारापलीकडच्या काळ्या, म्हणजे सगळ्यात अवघड, उतारावर खडक बर्फातून डोकं काढतात तिथे लागतो तसा. त्यानं दुसरी उलटी केली. तिचंही तेच. मग पकडीकडे लक्ष गेलं आणि त्याला आपल्या डोळ्यांचाच भरवसा वाटेना. आकडा सहावर होता. पुढे सहा, मागे सहा, दोन्ही स्कींवर बरोब्बर सहा. गिऱ्हाईक स्क्रूला हात लावत नाही. लावलाच तर एकीकडे पाच, दुसरीकडे आठ असं काहीतरी करून ठेवतं. हे काम कुणा जाणकाराचं होतं.

"बाई," तो म्हणाला, "या स्की वापरल्यात."

"नाही वापरल्या."

"निदान तीन दिवस वापरल्यात. आणि चांगल्या वापरल्यात."

"मी सांगतेय ना तुम्हाला, की ती बिछान्यात होती."

"मग तुम्ही वापरल्या असतील."

"माझ्या स्वतःच्या स्की आहेत! आणि हा बूट बघा. माझा पाय यात जाईल का?"

त्यानं तिच्या पायांकडे बघितलं. जाणं शक्यच नव्हतं. त्यामुळे तो आणखीच घोटाळ्यात पडला. तेवढ्यात मागे भाडं भरायला उभी असलेली माणसं कान टवकारू लागली आणि गल्ल्यावरून रेगिना उठून आली. तिनं तळ बघितला, पकडीचा आकडा बघितला. "काकू, आपण असं करू," ती गोड आवाजात म्हणाली. "उद्या-परवाच्या दोन दिवसांचे पैसे देते परत. चालेल?"

"नाही चालणार," बोडिल म्हणाली. "एकतर सहा दिवसांचे, नाहीतर एकाचेही नकोत. दोन दिवसांचे घेतले तर चार दिवसांचं मी खोटं बोलले असं होतं."

आणि इथे सेव्हरिन असं काही बोलून गेला की जे तो एरवी कधी बोलला नसता. पण एकतीस वर्षांत त्याच्या बोटांनी त्याला कधी फसवलं नव्हतं, म्हणून बोलला. "बाई, माणसं खोटं बोलतात. स्की बोलत नाहीत."

रांगेतल्या सगळ्यांनी बोडिलकडे बघितलं. बोडिलचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. तिनं डॉक्टरची चिठ्ठी उचलली, पुन्हा खाली ठेवली. "ठेवा तुमच्याकडे," म्हणाली. "पाटीशेजारी लावा." आणि निघून गेली.

"टूरिस्ट," रेगिना खांदे उडवत म्हणाली. "पंचवीस वर्षं येऊन शेवटी हे."

पण सेव्हरिनचं मन लागेना. त्या बाईच्या डोळ्यांत खोटं नव्हतं आणि स्कीतही नव्हतं. दोन खरं मिळून एक खोटं कसं होईल? बूट सुकवायच्या नळीवर घालताना त्यानं अस्तरात बोटं घातली. ओलं होतं. डाव्या बुटाच्या टोकाशी काहीतरी मऊ लागलं. ओढून काढलं तर तपकिरी लोकरीचा पुंजका, चेपून चपटा झालेला. त्यानं तो दिव्याखाली धरला. उंदीर घर करतात कधीकधी, पण उंदरानं स्क्रू फिरवल्याचं कुणी ऐकलं नाही. त्यानं पुंजका कचऱ्यात टाकला.

संध्याकाळी घरी आला तेव्हा बुर्गी बाकावर पाय वर घेऊन बसली होती. तिच्या डाव्या पायाची करंगळी वाकडी होती, शेजारच्या बोटावर चढायची. म्हणून ती दोघांच्या मध्ये लोकर सरकवून ठेवायची. हे तो लग्नापासून बघत आला होता, म्हणजे बघत नव्हता. आज बघितलं. तपकिरी लोकर.

"ही लोकर कुठली?" त्यानं विचारलं.

"भावाच्या मेंढ्यांची. दरवर्षी पिशवीभर पाठवतो ना तो. का रे?"

"काही नाही. पांढरी नसते का?"

"पांढरी टोचते." ती उठली. "पावाचे गोळे केलेत सूपमध्ये. दोन वाढू का तीन?"

तो दोन म्हणाला, तीन खाल्ले आणि विचार करत राहिला. बुर्गी गेस्ट हाऊसमध्ये काम करते. त्या बायका तिथेच उतरल्यात, फॉर्मवर तोच पत्ता होता. खोल्या झाडताना हिनं गंमत म्हणून बूट पायात घालून बघितले असतील. ठीक. पण बूट घालून बघितल्यानं तळाचं मेण उडत नाही. आणि स्क्रू? बुर्गीला स्क्रू कुठे असतो तेही माहीत नसणार. तिच्याकडे बघत तो तोंड उघडायचा आणि पुन्हा चमचा घालायचा. विचारायचं तरी काय? तू काल काळ्या उतारावरून आलीस का? उद्या कुणी मला विचारलं, तू काल चर्चचा घुमट उचललास का, तर मी काय म्हणेन?

गुरुवारी सकाळी शटर वर करण्याआधी तो लिफ्टपाशी गेला. खालच्या स्टेशनावर आल्बान असतो, याच्याच वर्गातला. तो खुर्च्यांवरचा बर्फ झाडत होता.

"आल्बान, या आठवड्यात निळ्या आखूड स्की घालून कोणी वर गेलेलं बघितलंस? आपल्या दुकानच्या?"

"बघितलं की. तुझी बायको."

"मस्करी नको."

"मस्करी कसली? सोमवार, मंगळवार, बुधवार. अकराला आली, एकच्या आत तीन फेऱ्या करून गेली. मी तिकीट नाही मागितलं हां, आपल्याच गावची आहे म्हणून. तू काही बोलू नकोस कुणाला."

"बुर्गीला स्की येत नाही," सेव्हरिन म्हणाला.

आल्बाननं झाडू थांबवला. त्याला वाटलं, हाच मस्करी करतोय. मग मित्राचं तोंड बघून त्याचं हसू आवरलं. "अरे, येत नाही काय? वरच्या पोरांनी काम सोडून बघत राहावं अशी उतरते ती. अंगाला हिसका नाही, काही नाही, पाणी ओतल्यासारखी. मलाही नवल वाटलं, म्हटलं गुपचूप तूच शिकवलंस." तो पुन्हा झाडायला लागला. "सेव्हरिन, चारशे स्की ओळखतोस म्हणे तू. घरात एक बाई आहे, तिच्याकडे बघत जा अधूनमधून."

सेव्हरिन दुकानाकडे परत निघाला तेव्हा पाय आपलेच आहेत की भाड्याचे ते त्याला कळेना. बुर्गी हे केव्हा शिकली? कुणाकडून? आपण दुकानात असताना? तीन दिवसांत कुणी असं शिकत नाही. तीस वर्षांत शिकली असती तर आल्बानला तरी दिसलं असतं. या सगळ्यातून एकच गोष्ट नक्की निघत होती. बोडिल नावाच्या बाईला त्यानं दुकानभर माणसांसमोर खोटारडी म्हटलं होतं आणि ती खरी होती.

तो सरळ रेगिनासमोर जाऊन उभा राहिला. खरं सांगावं तर बुर्गीची नोकरी जाणार. पाहुण्यांचं सामान वापरलं म्हणून कुणालाही काढतील. न सांगावं तर बोडिलच्या कपाळी डाग. त्यानं तिसरंच सांगितलं.

"काल माझी चूक झाली. त्या निळ्या स्की मी शनिवारी घासल्याच नव्हत्या. आधीच्या गिऱ्हाइकाचे ओरखडे होते ते. बाईंचे पैसे देऊन टाक."

रेगिना त्याच्याकडे बघत राहिली. चार वर्षांची असताना हिला यानंच दोन पायांत धरून पहिल्यांदा उतारावरून आणलं होतं. "तू घासायला विसरलास?"

"विसरलो."

"तू?"

"वय होतं माणसाचं."

"आणि पकडीचा आकडा सहा?"

"तोही विसरलो."

"सेव्हरिन, बरं नाही का तुला? डॉक्टरकडे जा हवं तर, चिठ्ठी तिथेच पडलीये." पण तिनं गल्ला उघडला, सहा दिवसांचे एकशे अडतीस युरो मोजून लिफाफ्यात घातले आणि पावती फाडली. "माफी मात्र तू माग. मी दोन दिवसांचे देत होते."

गेस्ट हाऊस चर्चच्या मागे आहे. दुपारी जेवणाच्या सुट्टीत तो तिथे गेला. बोडिल आणि इंगर खिडकीपाशी बसल्या होत्या. इंगर उशीला टेकून, मांडीवर विणकाम घेऊन. त्याला बघताच बोडिल ताठ झाली.

त्यानं टोपी काढली. "बाई, मी चुकलो. काल बोललो ते बोलायला नको होतं. तुम्ही खरं बोलत होतात. हे तुमचे सगळे पैसे."

बोडिलनं लिफाफा घेतला नाही. "म्हणजे स्की खोटं बोलल्या?"

"नाही. म्हणजे हो. म्हणजे... त्या मी घासल्या नव्हत्या."

"अरे देवा," इंगर म्हणाली. तिनं सुया खाली ठेवल्या. "बोडिल, तू काल पैसे मागायला गेली होतीस?"

"तुला सांगून गेले होते! झोपेत हूं म्हणालीस."

"मला वाटलं, औषध आणायला जातेस. अगं, स्की मी दिल्या होत्या. त्या नाश्त्याच्या बाईंना. रविवारी त्या सूप घेऊन आल्या, मी म्हटलं, खाली स्कीच्या खोलीत त्या निळ्या काठ्या उगाच भिंतीला टेकून उभ्या आहेत, मला चैन पडत नाही, कुणी तरी वापरा. त्या आधी नाही नाही म्हणाल्या. मग दाराशी गेल्या, परत आल्या आणि म्हणाल्या, खरंच का?" ती सेव्हरिनकडे वळली. "इतका आनंद झाला त्यांना, की मला आजारी पडल्याचं सार्थक वाटलं. पण तुम्ही घासल्या नव्हत्या असं का म्हणताय?"

आता बोडिलची पाळी होती. ती एकदा भावजयीकडे बघे, एकदा सेव्हरिनकडे. गणिताच्या बाईला उत्तर मिळालं होतं, पण ते कुठल्याच बाजूला बसेना. "म्हणजे स्की वापरल्या होत्या. म्हणजे मी काल चुकीचं बोलले. आणि तुम्ही आज खोटं बोलताय. आणि हे पैसे आमचे नाहीत."

"घ्या हो," सेव्हरिन काकुळतीला येऊन म्हणाला. "पावती फाडलीये."

"मुळीच नाही! काल माझे नव्हते ते आज कसे झाले?"

"मग मी काय करू यांचं?"

"ते मला काय माहीत?"

तेवढ्यात दार उघडून बुर्गी चहा घेऊन आत आली. नवऱ्याला टोपी आणि लिफाफा हातात धरून उभा असलेला बघून ती थबकली. तिनं तिघांच्या तोंडाकडे बघितलं, ट्रे टेबलावर ठेवला, आणि एप्रनला हात पुसले.

"सेव्हरिन, जरा स्वयंपाकघरात ये."

स्वयंपाकघरात ती ओट्याला टेकून उभी राहिली. तो स्टुलावर बसला.  सुरुवात त्यानंच केली आणि जे आधी विचारायचं ते राहून भलतंच तोंडातून आलं.

"सहा आकडा कसा काढलास?"

"वजन अठ्ठावन्न, वय चोपन्न, तरबेज. सहाच येतो."

"अठ्ठावन्न? मला वाटायचं त्रेसष्ट."

"तुला पायांचं कळतं," ती म्हणाली.

मग तिनं सांगितलं. तिचा बाप डोंगरापलीकडच्या खोऱ्यात पोरांना शर्यतीसाठी तयार करायचा. घरच्या तिन्ही पोरांना आधी. पहाटे पाचला उतारावर न्यायचा, हातात सेकंदाचं घड्याळ. जेवताना सेकंद, झोपताना सेकंद. बुर्गी प्रांताच्या मुलींच्या संघात होती. सतराव्या वर्षी वरच्या संघात निवड झाली नाही, अर्ध्या सेकंदानं. बाप तीन आठवडे तिच्याशी बोलला नाही. चौथ्या आठवड्यात तिनं स्की गोठ्यात टाकल्या आणि बावीसची झाल्यावर डोंगराच्या या बाजूला नोकरी धरली.

"आणि इथे मला पहिला माणूस भेटला तो कोण? दुसऱ्याच वाक्याला विचारतोस, स्की येतं का. मी नाही म्हटलं. सोपं होतं ते."

"पण मी तुला दोनदा नेलं! तू किती पडलीस! मी तुला पडायचं कसं ते शिकवलं."

"हो रे. नीट शिकवलंस." तिला हसू आलं, आणि ते तिनं दाबलं. "पडायचंही मला येत होतं."

"मग नंतर का नाही सांगितलंस? एकतीस वर्षं होती."

"कुठल्या दिवशी सांगायचं? पहिल्या वर्षी लाज वाटली. पाचव्या वर्षी वाटलं, आता उशीर झाला. मग विसरूनच गेले. खरंच विसरले. रविवारी त्या बाई म्हणाल्या आणि माझे तळपाय खाजायला लागले."

"आपल्याकडे चारशे जोड आहेत, बुर्गी."

"त्या तुझ्या. तुला म्हटलं असतं तर तू माझ्यासाठी जोड निवडला असतास, कडा घासल्या असत्यास, मेण लावलं असतंस, आणि मागून बघायला आला असतास."

"मग?"

"मग काही नाही."

तो स्टुलावर बसून राहिला. या 'काही नाही'त काहीतरी होतं हे त्याला कळत होतं. काय, ते कळत नव्हतं. आपण चांगले वागलो असतो असंच तर ती म्हणत होती. मग ते तक्रारीच्या सुरात का म्हणत होती?

बुर्गीनं एप्रन सोडला. "चल."

"कुठे?"

"दुकानात. लिफाफा इकडे दे."

दुकानात पोहोचल्यावर ती काउंटरच्या पलीकडच्या बाजूला, गिऱ्हाइकाच्या जागी, उभी राहिली. तिनं लिफाफा काउंटरवर ठेवला. "रेगिना, हे त्या बाईंचे पैसे. त्या घेत नाहीत, कारण स्की मी वापरल्या. सोमवार, मंगळवार, बुधवार. त्यांनी दिल्या म्हणून वापरल्या, पण भाडं मी देणार. लिफाफ्यातले सगळे त्यांना परत कर, ते त्यांचे आहेत." तिनं पर्स काढली. "फॉर्म भर, सेव्हरिन."

रेगिनाचं तोंड उघडं राहिलं. "मग सकाळी तू म्हणालास, तू घासायला विसरलास..."

"विसरलो नव्हतो," सेव्हरिन म्हणाला.

"मग विसरलो का म्हणालास?"

तो काही बोलला नाही. त्यानं फॉर्म पुढे ओढला आणि पेन घेतलं. नाव लिहिलं, वय लिहिलं. वजन अठ्ठावन्न लिहिताना त्यानं एकदा मान वर करून बायकोकडे बघितलं. मग ते तीन चौकोन आले. नियम असा, की गिऱ्हाइकाला विचारायचं, आपण ठरवायचं नाही.

"शिकाऊ, मध्यम की तरबेज?"

"तिसरा," बुर्गी म्हणाली.

त्यानं खूण केली. खूण जराशी चौकोनाबाहेर गेली.

बुर्गीनं तीन दिवसांचे एकोणसत्तर युरो मोजून दिले. रेगिनानं ते लिफाफ्याशी जुळवले, पुन्हा मोजले, जुनी पावती रद्द केली, नवीन फाडली, तीही चुकली, तिसरी फाडली. "मला यातलं काही म्हणजे काही कळलेलं नाही," ती म्हणाली. "पण गल्ला जुळतोय."

बोडिलला अखेर सहापैकी सहा दिवसांचे पैसे मिळाले आणि तिनं ते घेतले, पण त्याआधी रेगिनाकडून कागदावर हिशेब लिहून घेतला आणि स्वतः तपासला. तीन दिवस बुर्गीनं भरले होते, आणि उरलेले तीन दिवस जोड खरोखरच कुणी वापरला नव्हता. सेव्हरिननं तिची पुन्हा एकदा माफी मागितली. तिनं विचार करून सांगितलं, "काल तुम्ही माझं बोलणं चुकीचं आहे असं म्हणाला नव्हतात, मला खोटारडी म्हणाला होतात. आणि मी खोटं बोलत नव्हते, मला माहीत नव्हतं. हे दोन वेगळे आहेत. मुलांना मी हेच शिकवते." त्यानं मान डोलवली. शुक्रवारी इंगर धरून धरून चार पावलं चालली, आणि जाताना बुर्गीला लोकरीचे पायमोजे देऊन गेली, डाव्याला करंगळीपाशी वेगळा खण विणलेले. गेस्ट हाऊसच्या मालकाला पाहुणीनंच स्वतः सांगितल्यामुळे तो काही बोलला नाही. फक्त पुढे स्कीच्या खोलीची किल्ली तो स्वतःच्या खिशात ठेवू लागला.

मार्चच्या शेवटी, गिऱ्हाईक ओसरल्यावर, दोघं एकदा बरोबर वर गेली. वर पोहोचल्यावर ती म्हणाली, "तू पुढे हो." तो पुढे झाला. अर्ध्या वाटेवर त्यानं वळून बघितलं, तर ती अजून वरच उभी होती, काठ्या टेकवून, जणू कोणाची तरी वाट बघत असल्यासारखी. तो थांबला तर तीही हलेना. त्यानं हात केला, तिनंही हात केला. शेवटी तो खाली आला, स्की काढल्या, बाकावर बसला आणि मुद्दाम आल्बानशी बोलत, डोंगराकडे पाठ करून राहिला. थोड्या वेळानं बर्फ कापल्याचा आवाज आला, अगदी बारीक, रेशीम फाडल्यासारखा, आणि ती शेजारी येऊन थांबली. गाल लाल झाले होते.

"बघितलंस?" तिनं विचारलं.

"नाही," तो म्हणाला. आणि खरंच बघितलं नव्हतं.

"बरं केलंस," ती म्हणाली. पण मग दिवसभर जरा घुश्शातच होती.

का, ते सेव्हरिनला समजलं नाही. पुढे दोनतीनदा त्यानं तिला विचारून बघितलं, की इतकी वर्षं लपवलं ते नक्की कशासाठी. दर वेळी तिनं वेगळं कारण सांगितलं. एकदा बापाचं घड्याळ, एकदा नुसता आळस, आणि एकदा म्हणाली, "तुला शिकवताना बघायला आवडायचं मला." यातलं खरं कुठलं ते त्यानं धरायचा प्रयत्न केला, तळहात फिरवून बघावा तसा, पण हाताला काही लागेना. आता हिवाळ्यात दर मंगळवारी ती अकराला दुकानात येते, निळा आखूड जोड मागते आणि पकड सहावर आहे ना ते स्वतः वाकून बघते. तो फॉर्म भरतो. भाडं रेगिना घेत नाही, पण फॉर्म भरावाच लागतो, नियम आहे. एक वाजता ती जोड परत आणून देते. गिऱ्हाईक नसलं तर तो लगेच उलटा करून बघतो, आणि असलं तर आधी गिऱ्हाईक करतो.